शाळेपासून साठ पावलांवरचं व्यसनमुक्ती केंद्र: ५ पैकी ३

पुण्याच्या एका उपनगरातलं ३० खाटांचं निवासी केंद्र. फक्त पुरुषांसाठी, दारू आणि ब्राउन शुगर (हेरॉइन) दोन्हीचे पेशंट, मुक्काम साधारण पाच आठवडे. केंद्राच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंत साठ पावलं. सोसायट्यांच्या मीटिंगा, पालकांच्या सह्या, वॉर्ड ऑफिसातलं निवेदन, सगळं या साठ पावलांवरून चाललंय. वाद मिटलेला नाही, म्हणून केंद्राचं नाव इथे दिलेलं नाही.

अंतराचं आधी उरकून टाकू. शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. उपचारकेंद्रावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असं काही अंतर घातलेलं नाही. शाळेच्या कुंपणाला टेकून जी टपरी आहे तिथे सुट्या सिगारेटी दप्तरवाल्या पोरांच्या डोक्यांवरून गिऱ्हाइकाला दिल्या जातात. तिच्याविरुद्ध सही एकाचीही नाही.

कागद ठीक आहेत. दारू-ड्रग्जशी निगडित आजार मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे अशा केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. प्रमाणपत्र रिसेप्शनच्या भिंतीवर आहे, मुदत संपलेली नाही. पुनर्विलोकन मंडळाचा, म्हणजे पेशंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचा, पत्ता आणि फोन दर्शनी भागात हवा. तो आहे, पण वॉटर कूलरच्या मागे, आणि वाचायला मान वाकडी करावी लागते.

उपचाराची बाजू भक्कम आहे, निदान दिवसा. दारू एकदम तोडली की ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा काळ ६ ते ४८ तासांचा. आणि भ्रम, भास, अंथरुणावरचे नसलेले किडे झटकणं हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पहिले चार दिवस म्हणूनच खरे जोखमीचे. इथे नव्या पेशंटच्या खाटेला तक्ता लावलेला असतो. सिस्टर त्याला हात पुढे करायला लावून कंप बघते, घाम-मळमळ-बेचैनीला गुण देते, आणि हा त्रास आवरणाऱ्या लिब्रियम या औषधाचा डोस त्या गुणांवर ठरतो. लिव्हर खराब असेल तर त्याच जातीचं लोराझेपाम. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. हा क्रम उलटा झाला तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो, आणि स्वस्तातल्या केंद्रांत तो सर्रास उलटा होतो. डायसल्फिराम, म्हणजे वरून दारू प्यायल्यास त्रास होणारी गोळी, पेशंटची सही घेऊन, काय झेपणार नाही ते समजावून देतात. घरच्यांच्या हातात गोळ्या देऊन ‘वरणात कालवा’ असं इथे कोणी सांगत नाही, याचा एक गुण वेगळा द्यायला हवा: न सांगता दिलेल्या या गोळीवर माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

ब्राउन शुगरवाल्यांना बुप्रेनॉर्फिन ही तलफ आवरणारी गोळी ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, दिसायला लागल्यावरच देतात, आधी नाही. आधी दिली तर गोळीनेच टर्की लागते. डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना समोर बसवून सांगतात की पाच आठवड्यांत शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस आता जीवघेणा आहे. हे सांगणं बरीच केंद्रं टाळतात, अपशकुन वाटतो म्हणून.

घोळ रात्री. नऊला सिस्टर जाते. तिथून सकाळी ६ पर्यंत एक वॉर्डबॉय आणि फोनवरचे डॉक्टर. फिट काही ड्यूटी बघून येत नाही. पहिल्या चार दिवसांतले दोन पेशंट जरी आत असले तरी रात्रीची नर्स हवीच. महिन्याला १८ हजार रुपये, औषधं वेगळी, एवढे घेऊन ती न ठेवणं परवडलं नाही असं म्हणता येत नाही.

आता शेजाऱ्यांची भीती. ‘पेशंट पळून शाळेत शिरले तर?’ प्रश्न चुकीचा नाही, पण पेशंट पळतात का हे कोणी विचारत नाही. जो स्वतःच्या सहीने भरती झाला आहे त्याने ‘मला जायचंय’ म्हटलं की सोडावं लागतं. फार तर ठरावीक परिस्थितीत तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. इथे त्याला ‘घरच्यांना विचारतो’, ‘रविवारी बघू’ असं करत चार-चार दिवस ढकलतात. मग तो मागच्या बाजूच्या सांडपाण्याच्या पाइपावरून उतरतो, आणि तो पाइप उतरतो नेमका शाळेच्या मैदानाच्या भिंतीजवळ. पाइपाला काटेरी तार गुंडाळून हा प्रश्न सुटणारा नाही. डिस्चार्जचा अर्ज त्याच दिवशी निकालात काढला तर पेशंट पुढच्या दाराने, चप्पल घालून, रिक्षाने जातो. पेशंटचा हक्क पाळणं हाच इथे शाळेच्या सुरक्षेचा स्वस्तातला उपाय आहे. सोसायटीच्या निवेदनात मात्र भिंत आणखी चार फूट वाढवायची मागणी आहे.

दुसरी, याहून वाईट गोष्ट म्हणजे ‘पिकअप’. घरचे फोन करतात, केंद्राची गाडी जाते, चार पोरं माणसाला उचलून आणतात, त्याचे वेगळे साडेतीन हजार. ही गाडी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी लागते तेव्हा आरडाओरडा, शिव्या, एक चप्पल रस्त्यात, आणि शाळेच्या रांगेतली पोरं थिजून बघतात. मर्जीविरुद्ध भरती करायची तर कायद्यात रस्ता आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (पेशंटच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाचा) अर्ज, त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत मानसोपचारतज्ज्ञाची आणि आणखी एका पात्र व्यक्तीची स्वतंत्र तपासणी, मुदत ३० दिवस, आणि मंडळाला कळवणं. चार पोरं आणि एक गाडी या यादीत नाही. पालकांनी आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्यावा, लेखी, प्राधिकरणाकडे.

तिसरी गोष्ट विडीची. आत दारू सुटते, विडी सुटत नाही. सकाळच्या सत्रानंतर वीस-बावीस जण गच्चीवर येतात, गच्चीचा कठडा शाळेच्या मैदानाकडे, थोटकं खाली. गच्चीची दुसरी बाजू रिकाम्या प्लॉटकडे आहे. पत्र्याचा आडोसा आणि वाळूचा डबा तिकडे हलवायचा, एवढंच काम. निकोटिनच्या गोळ्या औषधांच्या यादीत आल्या तर आणखी बरं.

कचरा चोख आहे, हे मुद्दाम लिहायला हवं, कारण ‘सुया मैदानात पडतील’ ही भीती निवेदनात पहिल्या क्रमांकावर आहे. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, बोळे पिवळ्या पिशवीत, आणि ४८ तासांच्या आत गाडी उचलून नेते. नोंदवही भरलेली असते. नातेवाइकांची भेट रविवारी, शाळेला सुट्टी. फक्त दुचाक्या शाळेच्या फाटकासमोर लावू देऊ नयेत.

अमेरिकेत टेक्सासमधल्या क्लेबर्न गावी असाच वाद झाला होता. तिथे मतिमंद प्रौढांसाठी १३ जणांचं घर व्हायचं होतं, समोर शाळा, आणि गावाच्या कौन्सिलने परवानगी नाकारताना एक कारण दिलं की शाळेतली मुलं रहिवाशांना त्रास देतील. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने बघितलं तर त्याच शाळेत मतिमंद विद्यार्थी होते ३० च्या आसपास. कारण टिकलं नाही.

राहिलं फाटक. केंद्राला दोन फाटकं आहेत. पुढचं शाळेच्या रस्त्यावर, मागचं रिकाम्या प्लॉटच्या गल्लीत. अॅम्ब्युलन्स गल्लीत शिरते, वळते, अडचण काही नाही. भरती, डिस्चार्ज आणि गाड्या मागून घेतल्या तर साठ पावलांचं अंतर वळसा धरून अडीचशेच्या पुढे जातं. मागच्या फाटकाला कुलूप आहे. वॉचमन म्हणतो, किल्ली मॅनेजरकडे. मॅनेजर म्हणतो, वॉचमनकडे.