तुरीच्या जोडीला सोयाबीन की कपाशी?
मृगाच्या तोंडावर मराठवाड्यात बरेच जण इथेच अडतात. खरा प्रश्न ओलीचा. सोयाबीनची बहुतेक मुळं वरच्या थरात, तुरीचं सोटमूळ खोल. शिवाय तूर पहिले दीड-दोन महिने हळू वाढते आणि सोयाबीन शंभरेक दिवसांत रान मोकळं करतं. तुरीच्या फुलोऱ्याला उरलेली ओल तिची एकटीची. चार ओळी सोयाबीन, दोन तूर ठेवा. तूर दाटली की कडेच्या सोयाबीनला सावली लागून शेंगा कमी धरतात.

कपाशीचं मूळही खोल आणि मुक्कामही लांब. ऑक्टोबरनंतर दोघी एकाच ओलीवर. हलक्या रानात तुरीची फुलं गळतात, कपाशीच्या पात्याही (कळ्या). नत्राचा भार तूर उचलेल, या भरवशावर कपाशीचं खत तोडू नका.

मध्यम कोरडवाहू रानाला सोयाबीन-तूर. भारी काळी जमीन आणि एखादं संरक्षित पाणी (ताण पडला की देता येईल असं) असेल, तरच कपाशीत तूर.