अडकलेली ब्रेक डिस्क: बोल्ट की हातोडा?

कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि त्याचा ब्रॅकेट काढूनही डिस्क हलत नाही, कारण हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) कडेला गंज धरलेला असतो. कोकणपट्टीत तर हे हमखास. डिस्क धरणारे छोटे स्क्रू राहिलेत का बघा. मागची असेल तर हँडब्रेक सोडा.

डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर विचार न करता बोल्ट: ते पिळले की डिस्कला हबपासून बाहेर ढकलतात. बहुधा एम ८ (८ मिमी जाडीचे), १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) लागतात. हाताने आत जाईल तोच घ्या. आटे न जुळता पाना लावला की भोक बाद. मग दोन्ही आळीपाळीने पाव-पाव फेरा पिळा. एकच पिळत राहिलात तर डिस्क तिरकी होऊन आणखी आवळते.

भोकं नसतील तर हातोडाच. हबच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा. चाकाचे एक-दोन नट सैल लावून ठेवा, नाहीतर सुटलेली डिस्क थेट पायावर. डिस्क फिरवत, नटांच्या मधल्या जागेत रबरी हातोड्याने ठोका. लोखंडी घण फक्त भंगारात जाणाऱ्या डिस्कला, आणि तोही बेताने: प्रत्येक दणका बेअरिंगपर्यंत पोचतो.

नवी बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने घासा; गंज राहिला तर पेडल थरथरतं.