ऑस्लोत एकच दिवस मोकळा आहे: उल्लेवोलसेतेर, कोल्सोस की मेलोमकोलेन?

दर जूनमध्ये फोन सुरू होतात. कुणाचा मामेभाऊ बर्गनला जाता जाता इथे थांबणार असतो, कुणाचे आईवडील पहिल्यांदाच पोराकडे आलेले असतात. प्रश्न एकच: "एक दिवस मोकळा आहे, जंगलात कुठे जाऊ?" मी उलट विचारतो, "बूट कोणते आणलेत?" समोरच्याला वाटतं, थट्टा चाललीये.

थट्टा नाही. इथल्या वाटा किलोमीटरवर तोलल्या की फसगत झालीच म्हणून समजा. रुळलेल्या खडीच्या रस्त्यावरचे 11 किलोमीटर माझी सत्तरीतली आई गप्पा मारत चालली. ओल्या मुळांवरच्या त्याच्या निम्म्या वाटेने माझ्या तिशीतल्या मित्राचे गुडघे बोलायला लागले. म्हणून पायाखाली काय आहे ते आधी बघायचं, अंतर मागाहून.

सगळ्यांत सोपी वाट उल्लेवोलसेतेरची. मेट्रोने सोग्न्सवान तळ्यापाशी उतरायचं आणि साधारण साडेपाच किलोमीटर उत्तरेला चालायचं. रस्ता रुंद, खडीचा, बाबागाड्या सहज जातील असा. हिवाळ्यात हाच रस्ता स्कीवाल्यांचा होतो. 'सेतेर' म्हणजे उन्हाळ्यात गुरं नेऊन ठेवायची जागा. आता तिथे गुरांऐवजी रविवारचे ऑस्लोकर जमतात, वाफल खायला. वाफलवर इथलं तपकिरी चीज घालतात. चीज करताना उरलेली निवळी आटवून आटवून ते करतात, त्यामुळे चवीला गोडसर आणि किंचित करपट. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "पेढ्याचा खवा जरा जास्तच परतला गेलाय." मग दुसरा मागितला.

चढ नको असेल तर याच सहलीचं तोंड फिरवा. मेट्रोची लाइन 1 फ्रोग्नरसेतेरेनला संपते. ते स्टेशन 469 मीटरवर आहे. तिथून उल्लेवोलसेतेर आणि मग खाली सोग्न्सवान, म्हणजे बराचसा उतारच. सोग्न्सवानला पोहता येतं, आणि तळ्याभोवतीचा 3.3 किलोमीटरचा फेरा ज्यांना एवढंही चालायचं नाही त्यांच्यासाठी. खोट सांगायची तर गर्दी, सायकली, आणि जंगल जरा 'लावलेलं' वाटतं. वाटण्यासारखंच आहे म्हणा. नॉर्डमार्काचा, म्हणजे ऑस्लोच्या उत्तरेच्या या जंगलाचा, मोठा भाग खासगी मालकीचा आहे आणि त्यात लाकूडतोड हा रीतसर धंदा आहे. 2009 च्या मार्का कायद्याने ('मार्का' म्हणजे शहराभोवतीचं जंगल) शहराला या जंगलात पसरायला मज्जाव केला, झाडं तोडायला नाही. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी स्प्रूस (सुईसारख्या पानांची झाडं) एकाच वयाचे, एकाच उंचीचे, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे दिसतात.

कोल्सोस अगदी वेगळं. लाइन 3 च्या पश्चिम टोकाचं स्टेशन. हे शेजारच्या बेरुम नगरपालिकेत पडतं, म्हणून तिकीट एक झोन जास्तीचं काढा. डोंगराचा दक्षिण माथा 342 मीटर, उत्तरेकडचा 379. आकडे ऐकून आपला ट्रेकर हसतो, पण शेवटचा टप्पा उभा आहे आणि माथ्याच्या कडेला कठडा वगैरे काही नाही. लहान मुलांचा हात धरा. वरून फ्योर्ड, म्हणजे आत शिरलेली समुद्राची खाडी, आणि बेटं दिसतात. दोन-तीन तासांत जाऊन येणं होतं, त्यामुळे संध्याकाळचं विमान असलेल्यांनी डोळे झाकून हेच निवडावं.

मला मात्र कोल्सोस दगडासाठी आवडतं. माथ्याचा लालसर-तपकिरी दगड जवळून बघा: त्यात शंकरपाळ्याच्या आकाराचे फिके स्फटिक रोवलेले दिसतात. हा ऱ्होंब पॉर्फिरी, सुमारे 29 ते 30 कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली तेव्हाचा लाव्हा. आणि त्याच्या खाली, आधीच्या उद्रेकाचा, चक्क बेसाल्टचा थर आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाहून चौपटीहून जास्त जुना, पण जातकुळी तीच. पायथ्याच्या चुनखडीमुळे एप्रिलात निळी ब्लोवाइस फुलं येतात. याच डोंगराच्या पोटात शीतयुद्धात नाटोचं उत्तर युरोपचं मुख्यालय होतं, हे वर बसून संत्री सोलताना आठवलं की गंमत वाटते.

आता मेलोमकोलेन. ग्योविकच्या रेल्वेमार्गावर मूवात्न नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे उतरून झाडांवरच्या निळ्या खुणा धरायच्या (निळी खूण पायवाटेची, लाल स्कीची, उलटं केलंत तर उन्हाळ्यात दलदलीत जाल, कारण स्कीची वाट गोठलेल्या पाणथळीवरून खुशाल जाते). वर चढून राखीव वनातून माथा गाठायचा, मग ओयुंगेन तळ्याकडे उतरायचं आणि स्कारला बस पकडायची. थांबत-खात पाच-सहा तास धरा. इथली रेल्वे आणि बस मेट्रोसारख्या मागोमाग नाहीत. परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा.

राखीव वनात पाऊल ठेवल्याचं पाटीआधी पायांना कळतं. इथे तोड बंद आहे. पडलेलं झाड पडल्या जागी राहतं. वाट अडली तर माणूस जाईल एवढाच तुकडा कापतात. एका आडव्या खोडापाशी मी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. साल गळून गेलेली, लाकूड बोटाने दाबलं तर ओल्या केकसारखं दबत होतं, आणि पाठीवर शेवाळात बोटभर उंचीची स्प्रूसची रोपं ओळीने उगवलेली. वरच्या फांद्यांवरून दगडफुलाच्या राखाडी दाढ्या लोंबत होत्या. उल्लेवोलसेतेरच्या वाटेवर हे सहसा दिसत नाही, कारण तिथे झाडाला म्हातारं होऊ देत नाहीत.

किंमतही मोजावी लागते. मुळं बुटांनी घासून गुळगुळीत झालेली असतात आणि पावसानंतर साबणासारखी होतात. पाणथळ जागी दोन-दोन फळ्या टाकलेल्या आहेत. मी एकदा शहाणपणा करून फळी सोडली, बाजूचं हिरवंगार शेवाळ घट्ट वाटलं म्हणून. घोट्यापर्यंत आत. उरलेले चार तास प्रत्येक पावलाला बूट पचपचत होता.

तर माझा कौल असा: गुडघे धड आहेत, घोट्याला आधार देणारे बूट आहेत आणि रात्री पाऊस झालेला नाही, तर मेलोमकोलेन, बाकी दोन्ही विसरा. आईवडील किंवा बाबागाडी सोबत असेल तर उल्लेवोलसेतेर. तिथे मेलोमकोलेनचा हट्ट धरणाऱ्या मुलाला मी फोनवर रागावलेलो आहे. मे महिन्यात मेलोमकोलेन कुणालाच सांगत नाही. सावलीत बर्फ आणि उरलेल्या जागी चिखल असतो. तेव्हा कोल्सोस आधी वाळतं. 2023 मध्ये जाहीर झालेल्या ओस्टमार्का राष्ट्रीय उद्यानाबद्दलही विचारणा होते. सुरेख आहे, लांडगेही आहेत, पण आतला भाग दूर पडतो. दुसऱ्या खेपेला ठेवा.

जुलैअखेर गेलात तर डबा रिकामा न्या, ब्लूबेरी वाटेवरच असते. राखीव वनातसुद्धा खायची फळं सहसा तोडू देतात. बाकी नियम प्रवेशाच्या पाटीवर असतात ते वाचा. आणि स्टोव्हवर मॅगी करायचा बेत असेल तर आधी चौकशी करा: 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर जंगलात आग पेटवायला बंदी असते. चहा थर्मासमधूनच न्यावा, आणि दोन कप जास्तीचा, कारण स्कारच्या थांब्यावर बसची वाट बघताना तो लागतोच.