फॉरमॅट मारायच्या आधी हे उघडून बघा – विंडोजचं रिलायबिलिटी मॉनिटर

नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर नाटकं करायला लागला की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, फॉरमॅट मारून टाका. रिपेअरवाला मशीन ठेवून घेतो, संध्याकाळी या म्हणतो, नवीन विंडोज टाकून देतो, बिघाड जातो पण झाला कशाने ते ना त्याला माहीत ना आपल्याला. मग तेच सॉफ्टवेअर परत टाकायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! म्हणून आज रिव्ह्यू अशा गोष्टीचा जी विकत घ्यायची नाही, डाउनलोड पण करायची नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ती आत पडून आहे, १० आणि ११ मध्ये पण आहे, फक्त अशा कोपऱ्यात ठेवलीये की कोणाची नजर जाऊ नये.

स्टार्टला जाऊन इंग्रजीत रिलायबिलिटी टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं, ते उघडा, तेच हे मॉनिटर. पहिल्यांदा थोडा वेळ घेतं, घाबरू नका. मग एक तक्ता येतो, प्रत्येक दिवसाचा एक उभा कॉलम. ज्या दिवशी काही पडलं (म्हणजे चालता चालता अचानक बंद झालं) तिथे लाल गोलात फुली, किरकोळ कुरबुरीला पिवळा त्रिकोण, आणि अगदी खाली निळ्या गोलात इंग्रजी 'आय' अक्षर. लोक लाल फुलीकडेच बघत बसतात पण खरी मजा त्या निळ्या आयमध्ये आहे, कारण त्या दिवशी कुठलं सॉफ्टवेअर बसलं, कुठला ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र विंडोजकडून चालवून घेणारा प्रोग्राम) आला, विंडोजचा कुठला अपडेट शिरला हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे पहिली लाल फुली शोधायची आणि तिच्या आधीचा निळा आय बघायचा, निम्मं काम तिथेच होतं.

उदाहरण देतो. ओळखीच्या एका सीएच्या ऑफिसात मार्चएंडच्या तोंडावर एक्सेल उघडलं की दोन सेकंद दिसायचं आणि गायब. त्यांच्या माणसाने ऑफिस काढून परत टाकलं, अँटिव्हायरस बंद करून बघितला, शेवटी फॉरमॅटवर गाडी आली. मी हा तक्ता उघडला तर मंगळवारपासून रोज एक्सेलच्या नावाने लाल फुल्या, आणि सोमवारी निळा आय, नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर आणि त्याच्यासोबत फुकट आलेलं स्कॅनिंगचं लटांबर. फुलीवर क्लिक करून 'व्ह्यू टेक्निकल डिटेल्स' बघितलं. तिथे दोन ओळी महत्त्वाच्या, कुठलं ॲप्लिकेशन पडलं आणि 'फॉल्ट मोड्यूल नेम' म्हणजे ते कोणाच्या फायलीत पाय अडकून पडलं. ॲप्लिकेशन एक्सेल, आणि मोड्यूल? प्रिंटर कंपनीची डीएलएल, म्हणजे प्रोग्रामं आपल्या कामासाठी वापरतात ती कोडची फाइल! एक्सेल उघडताना पानाची साइझ, मार्जिन वगैरे डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून विचारून घेतं, त्यासाठी ड्रायव्हरचा कोड एक्सेलच्याच आत चालतो, तो कोसळला की एक्सेलला घेऊनच कोसळतो. शिव्या मात्र आठवडाभर एक्सेलला.

खात्री करायला डीफॉल्ट प्रिंटर बदलून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' केला (त्याआधी सेटिंगमधलं 'विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर ठरवू दे' हे बंद करा, नाहीतर ते आपलंच खरं करतं) आणि एक्सेल उघडलं, चाललं. एक लक्षात ठेवा, सेटिंगमधून प्रिंटर काढला म्हणजे ड्रायव्हर गेला असं नसतं, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजच्या ड्रायव्हर्स टॅबमध्ये जाऊन पॅकेजसकट उडवावा लागतो. मग त्याच कंपनीचा आधीचा व्हर्जन टाकला, स्कॅनिंगचं लटांबर वगळून. फॉरमॅट नाही, काही नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वरती १ ते १० असा एक स्कोअर असतो, तो मनावर घेऊ नका. आपल्याकडे लाइट जाते, यूपीएसची बॅटरी मेलेली असते, मशीन धाडकन बंद पडतं, आणि हे महाशय 'विंडोज नीट बंद केलं नव्हतं' म्हणून लाल फुली मारून मार्क कापतात. यात बिचाऱ्या सॉफ्टवेअरचा काय संबंध. प्रत्येक इन्स्टॉलची नोंद मिळेलच असंही नाही, झिप उलगडून थेट चालवलेली प्रोग्रामं तर हमखास सुटतात. आणि 'सोल्युशन शोधा' अशी लिंक दिसली तर तिने मला आजवर एकदाही कामाचं उत्तर दिलेलं नाही.

फॉल्ट मोड्यूलला एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस असं नाव आलं तर लगेच ती फाइल नेटवरून उतरवायला धावू नका प्लीज. त्या विंडोजच्या स्वतःच्या फायली, सगळीच प्रोग्रामं त्यांच्यातून जातात, गुन्हेगार बहुतेक वेळा दुसराच असतो. डीएलएल फुकट वाटणाऱ्या साइट्स तर लांबूनच नमस्कार. 'एमएसव्हीसीपी१४० सापडत नाही' असा एरर आला तर त्याला मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल (ही फाइल ज्यात येते ते पॅकेज) टाकायचं, आणि विंडोज ६४ बिट असलं तरी ३२ बिटवालं पण टाकायचं, कारण जुनी बिलिंगची सॉफ्टवेअरं ३२ बिटच असतात.

कोणी म्हणेल विंडोजच्या सगळ्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर आहे की. आहे, पण त्यात धडधाकट मशीनवर पण लाल एररचा पाऊस असतो. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' असा फोन करणारे भामटे नेमकं तेच उघडायला लावतात, बघा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किती व्हायरस म्हणून. त्यातला १००१६ नंबरचा एरर तर खुद्द मायक्रोसॉफ्टच दुर्लक्ष करा म्हणतं. त्यापेक्षा हा तक्ता घरच्या माणसाला पण कळतो.

मशीन चालूच होत नसेल तर अर्थात याचा उपयोग शून्य, तिथे सेफ मोड (फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज चालू करणं) नाहीतर सिस्टम रिस्टोर (विंडोज आधीच्या एका तारखेच्या स्थितीत नेणं). रिस्टोरने तुमच्या फायली जात नाहीत, त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं आणि ड्रायव्हर जातात, पण ते आधीपासून चालू असावं लागतं आणि बऱ्याच मशीनवर बंदच असतं, आजच बघून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. आणि हो, खाली 'सेव्ह रिलायबिलिटी हिस्टरी' आहे, त्याने सगळी नोंद एका फायलीत निघते. सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्टवाला "तुमच्याच विंडोजमध्ये प्रॉब्लेम आहे सर" म्हणायला लागला की ती फाइल आणि फॉल्ट मोड्यूलचा स्क्रीनशॉट मेल करा, मग बोला.