खाऱ्या पाण्यात मासे गरवायची ८००० साइझची मोठी रील, सगळे ऋतू वापरून झाल्यावर (आणि लाइन रोलरबद्दल जरा जास्तच)

ड्रॅग (मासा जोरात ओढायला लागला की लाइन हळूहळू सोडणारा ब्रेक) किती किलोचा, गिअर रेशो किती, बेअरिंग किती हे सगळं बॉक्सवर छापलंय, व्हिडिओवाल्यांनी पण सांगून झालंय, ते मी परत लिहीत बसत नाही. मला बोलायचंय ते करंगळीच्या नखाहून लहान असलेल्या एका बेअरिंगबद्दल. लाइन रोलरमधलं बेअरिंग. बाकी रील चांगली आहे, लिहितो पुढे, पण आधी हे, कारण डोकं यावरूनच फिरलंय.

लाइन रोलर म्हणजे बेलच्या (रीलवरची उघडमीट होणारी तारेची कमान) टोकाला जी छोटी चकरी असते ना, लाइन, म्हणजे गरवायचा दोरा, तिथे वळून स्पूलवर (दोरा गुंडाळला जातो ते रीळ) जाते, ती. आता बघा, पुळणीवर उभं राहून लांब फेकलेली लाइन आपण गुंडाळतोय, ब्रेडेड असेल तर ती विणीत पाणी धरून येते, बरोबर बारीक वाळूपण येते, आणि हे सगळं पिळलं कुठे जातं, तर त्या चकरीवर. रीलची बॉडी सील्ड, ड्रॅगला सील, हँडलच्या भोकाला रबर, आणि जिथे दर फेकीला खारं पाणी आदळतं तिथे एक उघडं बेअरिंग आणि त्यात नावापुरतं ग्रीस. कुठल्या शहाण्याने डिझाइन केलं असेल देव जाणे.

स्टेनलेस आहे म्हणतात. असेल. पण बेअरिंगला जे कडक स्टेनलेस लागतं, ४४०सी वगैरे, त्यात कडकपणासाठी कार्बन जास्त असतो आणि खाऱ्या पाण्यात ते साध्या स्टेनलेस स्क्रूपेक्षा लवकर डाग धरतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, पाणी उडून जातं, मीठ तिथेच बसतं, आणि मग ते हवेतला दमटपणा ओढून परत ओलं होतं. म्हणजे रील घरी कपाटात ठेवलीय, आपण निवांत झोपलोय, आणि आत गंजायचं काम चालूच.

झालं असं की उन्हाळाभर पुळणीवर वापरली, एक तक्रार नाही. लाटा ओसरायला लागल्या की वाळूच्या पट्ट्यामागच्या खोल घळीत शिशाचं वजन टाकायचं, रॉड टेकवून बसायचं, त्या कामात रोलरवर फार ताण येत नाही. खरी परीक्षा उन्हाळा सरल्यावर. हवा गार व्हायला लागली तरी समुद्र महिना-दोन महिने मागे असतो, पाणी अजून ऊबदार, बारीक माशांचे थवे किनाऱ्याला चिकटून जातात आणि मोठे मासे त्यांच्या मागे. तेव्हा कोणी रॉड टेकवून बसत नाही, लूर (नकली आमिष) फेका आणि ओढा, फेका आणि ओढा. आणि बरोब्बर त्याच दिवसांत रोलर चीं चीं करायला लागला. आधी बारीक, मग असा की शेजारचा माणूस वळून बघायचा. मग आवाज बंद. म्हटलं बरं झालं, तर बरं कसलं, चकरी फिरायचीच थांबली होती. लाइन तिच्यावरून नुसती घासत जात होती.

याचा त्रास लगेच कळत नाही. रोलर फिरला नाही की लाइनला पीळ बसतो, पीळ बसला की स्पूलवरून सैल वेटोळी सुटतात, आणि पुढच्या जोरदार फेकीला ती सगळी वेटोळी एकदम रॉडच्या पहिल्या रिंगमध्ये. ठप्प. लूर एकटाच पुढे निघून जातो, मागे लाइनच नसते त्याच्या. आणि हे सगळं मासे पाण्यावर उड्या मारत असताना, म्हणजे रडायलापण वेळ नाही.

रील सर्व्हिसला पाठवली. वॉरंटीत होती. बरेच दिवस "तपासणी सुरू आहे", मग फोन, "सर, खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." मी म्हटलं अहो बॉक्सवर सॉल्टवॉटर लिहिलंय, मी काय हौदात वापरायची होती का? तर म्हणे सर ते वापरासाठी आहे, नुकसानीसाठी नाही. हे वाक्य मी अजून पचवतोय. बरं म्हटलं पैसे घ्या, तेवढं बेअरिंग बदलून द्या. तर बेअरिंग सुटं मिळत नाही, अख्खी बेल आर्म असेंब्ली घ्यावी लागेल, वर मजुरी, वर पाठवण्याचा खर्च. एवढ्याशा गोल तुकड्यासाठी! मी असल्या बाबतीत चिकट माणूस आहे, सरळ सांगतो. रील तशीच परत मागवली. त्या रात्री दोन स्टार ठरवून टाकले होते आणि ते फार सज्जनपणे लिहिले नसते.

मग रोलर घरीच उघडला. आणि इथून माझं मत फिरलं, त्यामुळे आधीचं सगळं वाचून कोणी लगेच निर्णय घेऊ नका.

एकच स्क्रू आहे. पण घट्ट, खारात चिकटलेला. स्टेनलेसचा स्क्रू, ॲल्युमिनियमचा आर्म, मध्ये खारं पाणी, की ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि पांढरी पावडर धरते, तीच स्क्रूला धरून ठेवते. जोर लावला तर स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग खरंच आर्म बदलावा लागतो. खार-गंज सोडवणारं तेल दोन थेंब, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घेतला, कट् असा आवाज करून सुटला. आत बेअरिंग म्हणजे तपकिरी चिखल. बाजूला दोन पातळ वॉशर आणि एक प्लास्टिकची बाही, यांचा क्रम चुकला तर रोलर परत फिरत नाही, म्हणून एकेक तुकडा काढताना मोबाइलवर फोटो काढा. माझ्यात ४ बाय ७ बाय २.५ मिलिमीटरचं होतं, तुमचं मोजून घ्या. साधं बेअरिंग सगळीकडे मिळणारं आहे, कंपनीची खास वस्तू वगैरे काही नाही. दोन घेतले, एक जादा, आणि दोन्ही मिळून सर्व्हिसवाल्यांच्या मजुरीच्या जवळपाससुद्धा गेले नाहीत.

नवीन बसवताना मरीन ग्रीस ठासून भरलं. हलक्या, नाजूक लाइनवाल्यांना हे आवडणार नाही, त्यांचा रोलर जड फिरेल, पण ८००० साइझवर वजनदार शिसं ओढताना काही फरक पडत नाही. कडक थंडीत मात्र जाड ग्रीस घट्ट होतं हे खरं, तेव्हा पातळ ग्रीस किंवा तेल, आणि तेल असेल तर प्रत्येक वेळी गरवून आल्यावर एक थेंब. स्क्रूला निळं लॉकिंग द्रव्य लावलं, लाल लावू नका, परत उघडायचंय.

आणि मग थंडीत हीच रील घेऊन दगडी जेट्टीवर गेलो तेव्हा कळलं की बाकीची रील किती छान आहे. पाणी गार झालं की पुळणीवरचे बरेच मासे खोल जातात, मग पाणी जिथे मुळातच खोल असतं तिथे जायचं, जेट्टीचं टोक, धक्क्याच्या खांबांची सावली, रात्रीची वेळ. तिथे मासा लागला की तो मोकळ्या पाण्याकडे पळत नाही, सरळ दगडांत शिरायला बघतो. म्हणजे ड्रॅग पहिल्या झटक्यालाच सुटला पाहिजे, अडकून मग सुटून चालत नाही. याचा ड्रॅग कार्बनच्या चकत्यांचा आहे आणि एकदम मऊ सुटतो. लाइन १२ किलोची असेल तर ड्रॅग ३-४ किलोवर, स्प्रिंगच्या काट्याने मोजून लावलेला, हाताच्या अंदाजाने नाही. एका रात्री एका मोठ्या माशाने दगडाच्या कडेकडेने अशी लाइन नेली की लीडरवर (लाइनच्या टोकाला बांधलेला जाड दोरा) नख फिरवलं तर खरखरीत लागत होता, पण ड्रॅगने एक झटका खाल्ला नाही. तिथे मी मनातले दोन स्टार चार केले.

एक बाजूची गोष्ट, जेट्टीवर ओहोटीला उघडे पडलेले काळपट हिरवे दगड दिसले तर त्यावर पाय ठेवू नका, रील काय दुसरी मिळते.

भरती-ओहोटीचं सगळ्यांना माहितीये, तरी रोलरच्या हिशोबाने सांगतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, शेवाळ-गवत सुटून लाइनवर चढतं आणि ते रोलरमध्ये गुंडाळतं. वादळ होऊन गेल्यावर तर फारच, पाणी गढूळ झालेलं असतं, मासे कडेला येतात, मजा असते, पण दर काही फेकींनी बेलजवळ बोट घालून तंतू काढावे लागतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, रोलर सुखी, मासे सुस्त. काय निवडायचं ते तुम्ही ठरवा.

धुण्याबद्दल. नळाखाली जोरात धरू नका, पाईपचा फवारा तर नकोच, तो मीठ धुण्याऐवजी आत ढकलतो. ड्रॅग पूर्ण आवळा, गोड्या पाण्याची हलकी झारी, हँडल फिरवत, रोलरवर जरा जास्त वेळ. गरम पाणी नको, ग्रीस पातळ होऊन निघून जातं. मग पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. सैल करायचं विसरलं की चकत्या दाबून बसतात आणि पुढच्या वेळी तोच तो पहिला अडकणारा झटका. आणि बेल हाताने बंद करायची सवय लावा, हँडल फिरवून खाड्कन नाही, स्प्रिंग पण टिकतो आणि लाइनचा पीळ पण कमी होतो.

"वॉटर रेझिस्टंट" या शब्दाबद्दल राग अजून आहे. या बॉक्सवर नुसता शब्द आहे, आकडा नाही. पेन (Penn) कंपनीच्या स्पिनफिशर ६ रीलवर निदान आयपीएक्स५ असं रेटिंग तरी देतात, म्हणजे नळीतून येणाऱ्या पाण्याच्या धारेची चाचणी. त्यातही तो एक्स म्हणजे धुळीचं काही सांगितलेलं नाही, आणि चाचणी गोड्या पाण्याने होते, वाळू आणि मीठ दोन्ही बाहेरच. पण आकडा असला की भांडायला काहीतरी हातात असतं.

बेअरिंगच्या मोजणीलापण फसू नका. बॉक्सवर १०+१ असं लिहितात, त्यातला तो +१ म्हणजे बहुतेक वेळा हँडल उलटं फिरू न देणारा रोलर क्लच. आणि त्या क्लचला चुकूनही ग्रीस लावायचं नाही. माझ्यासारखा उत्साह आला की माणूस सगळीकडेच ग्रीस घालत सुटतो, पण तिथे ग्रीस गेलं की आतल्या बारीक दांड्या घसरतात आणि ऐन मासा ओढताना हँडल उलटं येऊन बोटांवर बसतं. तिथे फक्त पातळ तेल, तेही टोकाने टिपून.

घेणार असाल तर विकत घेण्याआधी एवढं करा, लाइनचा एक तुकडा रोलरवरून घ्या, दोन्ही टोकं ताणून मागेपुढे ओढा. ताणाखाली चकरी फिरली पाहिजे. बोटाने ढकलून फिरते ते बघू नका, बोटाने सगळ्याच फिरतात. माझी आता फिरते, जादाचं बेअरिंग डबीत आहे, आणि उन्हाळा लागायच्या आत ते स्पूलखालचं बेअरिंग पण एकदा उघडून बघणार आहे, कारण कालपासून तिथून काहीतरी बारीक कुरकुर येतेय.