कुबरनेटिस क्लस्टरचं डेस्कटॉप अॅप काही महिने वापरल्यावर: सगळं ठीक, तो पाथ सोडून

कुबरनेटिस, म्हणजे अनेक मशीनच्या गटावर (क्लस्टरवर) कंटेनरमधले प्रोग्राम चालवणारी यंत्रणा. ती टर्मिनलवरून हाताळायला क्यूबसीटीएल ही कमांड असताना हे अॅप कशाला, असं म्हणणाऱ्यांतला मी. टीममधल्या नव्या मंडळींसाठी बसवलं आणि आता माझ्याच मशीनवर दिवसभर उघडं असतं. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थेट तक्रारीवर येतो.

इन्स्टॉल करणं सोपं. क्यूबकॉन्फिग (क्लस्टरला कसं जोडायचं ते सांगणारी फाइल) अॅप स्वतःच शोधतं, सगळे कॉन्टेक्स्ट (त्यातल्या क्लस्टरच्या जोडण्या) दिसतात. क्लस्टरवर क्लिक केलं की मात्र लाल पट्टी: एक्झिक्युटेबल (चालवायचा प्रोग्राम) सापडत नाही. त्याच वेळी टर्मिनलमध्ये सगळे पॉड्स (एकत्र चालणारे कंटेनर) व्यवस्थित दिसतायत! गोम अशी, की क्लाउडवरच्या क्लस्टरच्या क्यूबकॉन्फिगमध्ये बहुतेकदा टोकन (ओळख पटवणारी किल्ली) नसतं. टोकन आणून देणाऱ्या प्रोग्रामचं नुसतं नाव असतं. टर्मिनल तो पाथमधून, म्हणजे प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीतून, शोधतं. मॅकवर आयकॉनवरून उघडलेल्या अॅपला तुमच्या शेलचा पाथ मिळत नाही, त्यामुळे ते आंधळं.

नावाच्या जागी प्रोग्रामचा पूर्ण पत्ता (यालाही पाथच म्हणतात) लिहिला, चाललं. पण क्लाउडच्या कमांडने क्यूबकॉन्फिग पुन्हा लिहिली की पाथ गायब, लाल पट्टी हजर. पैसे भरून घेतलेल्या सपोर्टचं उत्तर काय, तर 'कॅशे साफ करून बघा'. कॅशेचा काय संबंध? अॅप टर्मिनलमधून चालवलं तर प्रश्नच येत नाही, पण मग टर्मिनल टाळण्यासाठी पैसे कशाला मोजले? शेवटी अॅपसाठी क्यूबकॉन्फिगची वेगळी प्रत ठेवली, पूर्ण पाथसकट. क्लाउडची कमांड तिला हात लावत नाही. तुम्हीही पहिल्याच दिवशी हेच करा.

रॅम भरपूर खातं. सगळ्या नेमस्पेसवर (क्लस्टरमधल्या विभागांवर) नजर ठेवायला लावलं तर विचारूच नका; हव्या तेवढ्याच निवडल्या की बरं चालतं. आलेख रिकामे दिसले तर आधी क्लस्टरवर मेट्रिक्स सर्व्हर (सीपीयू-मेमरीच्या वापराचे आकडे देणारा) आहे का पाहा.

इथपर्यंतचं मी रागात लिहून ठेवलं होतं, दोन स्टार देऊन. मग एक पॉड सारखा रीस्टार्ट व्हायला लागला. अॅपमध्ये पॉड उघडला तर समोरच ओओएमकिल्ड (मेमरी कमी पडल्याने मारलेला), एक्झिट कोड १३७, आणि एका क्लिकवर आधीच्या, मेलेल्या कंटेनरचे लॉग. टर्मिनलवर हे क्यूबसीटीएलच्या डिस्क्राइब आणि प्रीव्हियसची कसरत करून मिळतंच, पण नव्या मुलीने ते मला न विचारता शोधलं. मेमरी लिमिट तिनेच वाढवलं. (इव्हेंट्स, म्हणजे क्लस्टरमधल्या घडामोडींच्या नोंदी, मात्र वेळेत बघा. ते तासाभराने जातात, पण ती कुबरनेटिसची डीफॉल्ट मर्यादा, अॅपची चूक नाही.)

म्हणून चार स्टार. पाचवा पाथने खाल्ला. वर्गणी संपेपर्यंत तो सुधारला नाही, तर टीमपुरती दोनच लायसन्स ठेवणार आणि माझं बंद.