मिरजेतला पाच गुरुवारांचा क्षमा-वर्ग: तिसरा गुरुवार चुकवू नका, पाचव्याला विचार करून जा

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये संध्याकाळच्या प्रार्थना आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं सुरू होतात. मिरजेतल्या एका मंडळीने त्यांच्या जोडीला पाच गुरुवारांचा वर्ग ठेवला आहे. विषय एकच, ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांना क्षमा कशी करायची. करायची असते हे इथे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" हे आपण म्हणतोच. अडतं ते सोमवारी, तोच भाऊ बांधावर समोर आला की. हा वर्ग त्या सोमवारसाठी आहे असं पत्रकात म्हटलंय, म्हणून त्याच मापाने तो मोजायला हवा.

आधी व्यवस्था. वेळ साडेसहा ते सव्वाआठ, जागा मंदिराशेजारचा, म्हणजे चर्चशेजारचा हॉल, शुल्क १५० रुपये, त्यात पुस्तिका आणि चहा. बसायचं तिघा-तिघांच्या गटात. साडेसात वाजले की तासगाव, कवठेमहांकाळकडची मंडळी एसटीच्या काळजीने घड्याळ बघायला लागतात, आणि खरं काम नेमकं शेवटच्या अर्ध्या तासात असतं. सहाला सुरुवात केली तर काही बिघडणार नाही. पुस्तिकेचा टाइप मोठा आहे, चष्म्याच्या वयातल्यांनाही वाचता येतो. गाणी 'उपासना संगीत'मधली. अखेरची वर्षं साताऱ्यात काढलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पेटीवर चांगली रंगतात, पण त्यात वीस मिनिटं जातात, ती जास्त झाली.

पहिला गुरुवार मत्तय १८ मधल्या निर्दय चाकराच्या दाखल्याचा. शिकवणाऱ्या पाळकांनी आकडे फोडून सांगितले, हे बरं झालं. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालंत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. राजाने चाकराला सोडलेले दहा हजार तालंत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. जन्मोजन्मी न फिटणारं कर्ज. इथवर बहुतेक प्रवचनं पोचतात. पण माफी मिळालेल्या त्या चाकराने सोबतीच्या चाकराला ज्यासाठी सोडलं नाही ते शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून जास्त. ती रक्कम किरकोळ नाही. आपल्याला झालेली जखम खोटी आहे असं येशू म्हणत नाही, मोठ्या माफीशेजारी ती ठेवून बघायला सांगतो. "जाऊ दे, एवढं काय त्यात" या घरगुती सल्ल्याला तिथेच उत्तर मिळतं. एवढ्यासाठीसुद्धा पहिला गुरुवार करावा.

दुसरा गुरुवार उदाहरणांचा, आणि तो घाईत उरकला. ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव घेतलं, डोळे पाणावले, संपलं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व तिमथी ही दोन मुलं गाडीत जाळली गेली. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि बारीपदात कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण खटला थांबला नाही, हे वर्गात सांगायलाच हवं होतं. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. विधवेची क्षमा आणि न्यायालयाची शिक्षा शेजारी शेजारी चालल्या, एकीने दुसरीला अडवलं नाही. दुसरं उदाहरण सिस्टर राणी मारियांचं. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात त्यांचा खून झाला, आणि त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मध्ये सात वर्षं गेली, आणि समोरचा माणूस पश्चात्तापाने मोडून पडलेला होता. ही तारीख फळ्यावर लिहिली असती तर पाचव्या गुरुवारचा घोळ झाला नसता.

तिसरा गुरुवार या वर्गाचा प्राण आहे. प्रत्येकाला एक कोरा कागद मिळतो, त्यावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात काय घडलं, दुसऱ्यात माझं काय गेलं, तिसऱ्यात त्या माणसाकडून मला अजून काय हवंय. पहिल्या रकान्याचा नियम कडक आहे: क्रियापद हवं, विशेषण नको. "वहिनी दुष्टपणे वागली" खोडायला लावतात. "आईच्या दफनाच्या दिवशी वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, हा वाटणीसाठी आलाय" हे चालतं. कारण साधं आहे. "दुष्टपणा" कुणालाच माफ करता येत नाही, तो धुक्यासारखा हाताला लागत नाही. एका दिवशी बोललेलं एक वाक्य मात्र सोडता येतं. दुसऱ्या रकान्यात पैसे, झोप, मंडळीतलं नाव, बहिणीच्या घरी जाणं-येणं, जे गेलं ते एकेका ओळीत.

कागद अडतो तो तिसऱ्या रकान्यात. सुरुवातीला सगळे "काही नको" लिहितात. गटप्रमुख दहा मिनिटं गप्प बसवून ठेवतो, मग हळूहळू बाहेर पडतं: तिने चारचौघांत चूक कबूल करावी, माझे चाळीस हजार परत यावेत, त्यालाही असंच भोगावं लागावं. आता प्रत्येक ओळीपुढे खूण करायची. "त्यालाही भोगावं लागावं" ही सोडायची ओळ. रोमकरांस १२:१९ प्रमाणे सूड देवाच्या हाती. कबुलीची अपेक्षाही सोडायची, कारण ती आपल्या हातात नाही. चाळीस हजारांपुढे मात्र वेगळी खूण: हे मागायचं की सोडायचं, ते शांतपणे ठरवा, पण ठरवा. ही खूण पुस्तिकेत आहे, याबद्दल करणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. मग नाव, कृत्य आणि नुकसान मोठ्याने उच्चारून प्रार्थना, आणि खाली तारीख. महिन्याभराने एखाद्या लग्नात ती वहिनी समोर आली आणि पोटात पुन्हा कालवलं, म्हणजे क्षमा खोटी ठरली असं नाही. तारखेची ओळ वाचायची आणि तेच कर्ज पुन्हा सोडायचं. किती वेळा क्षमा करायची या प्रश्नावर पेत्राला मिळालेला साताच्या सत्तर वेळांचा हिशेब एकाच जखमेलाही लागू आहे, हे इथे फार छान समजावलं.

ज्यांच्या तोंडून शब्दच फुटत नाही त्यांच्यासाठी लूक २३:३४ ची वाट दाखवली. वधस्तंभावरून येशूने "मी क्षमा केली" असं जाहीर केलं नाही, "हे बापा, त्यांना क्षमा कर" अशी विनंती केली. ज्याला अजून जमत नाही त्याने तेवढीच विनंती करावी. एका संध्याकाळी भावना बदलून दाखवा असा आग्रह कुणी धरला नाही, हे या वर्गाचं शहाणपण.

एक त्रुटी इथेही आहे. गटात नावं उच्चारू नका अशी सूचना तोंडी दिली जाते, लेखी नाही. मिरजेच्या ख्रिस्ती वस्तीत कोण कुणाचा साडू आणि कुणाची आत्तेबहीण हे सांगता येत नाही. "माझा थोरला दीर" म्हटलं तरी नाव कळतं. वर्गात बोललेलं रविवारच्या उपासनेआधी मंदिराच्या पायरीवर पोचू शकतं. कागद गटात वाचायला न लावता, ज्याला वाचायचा त्याने पाळकांसमोर एकट्याने वाचावा, ही सोय हवी.

चौथा गुरुवार समेटाचा, आणि इथे गाडी घसरते. त्याच मत्तय १८ मध्ये, दाखल्याच्या आधी, १५ ते १७ या वचनांत पायऱ्या दिल्या आहेत: आधी दोघांतच जाऊन अपराध दाखव, ऐकलं नाही तर एक-दोन साक्षी ने, मगच मंडळी. लूक १७:३ मध्येही आधी दोष दाखवणं, मग पश्चात्ताप, मग क्षमा. ही वचनं पाच मिनिटांत उरकली. त्यामुळे क्षमा करणं आणि समेट होणं हे एकच, असा समज घेऊन लोक घरी जातात. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघं लागतात. भावांनी विकलेल्या योसेफाने त्यांना लगेच ओळख दिली नाही. धाकट्या बन्यामिनाऐवजी मला ठेव असं त्यांच्यातला यहूदा म्हणेपर्यंत त्याने त्यांना पारखलं, मग त्यांच्यासमोर रडला. रोमकरांस १२:१८ मध्ये "शक्य तर" हा शब्द उगीच नाही.

व्यवहारात याने काय बिघडतं ते आपल्याकडच्या वाटण्यांत दिसतं. "क्षमा केलीस ना, मग हक्कसोडपत्रावर सही कर" असं भाऊ बहिणीला म्हणतो, आणि ती विश्वासाची परीक्षा समजून सही करते. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मुलामुलींचा वाटा सारखा असतो. तो सोडायचा असेल तर खुशीने सोडा, पण क्षमेचा पुरावा म्हणून नव्हे. उसने दिलेल्या पैशांचंही तेच. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, "बघू, प्रार्थना करतोय" म्हणता म्हणता ती निघून जाते. पौलाने फिलेमोनाला लिहिताना त्याचा दास अनेसिम याचं देणं पुसून टाकलं नाही, "मी फेडीन" असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

आणखी एक धोका या आठवड्यात पुस्तिका सांगते, पण गटप्रमुख सांगत नाहीत. ज्याला आपण चुकलो असं वाटतच नाही, त्याच्या दारात जाऊन "मी तुला क्षमा केली" म्हणणं म्हणजे त्याच्यावर आरोप करणं. त्यातून नवं भांडण उभं राहतं. व्हॉट्सॲपवर तसा मेसेज टाकणं तर मुळीच नको. तो तासाभरात सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो.

पाचवा गुरुवार. प्रभुभोजनाआधी "ज्यांच्याशी अबोला आहे त्यांनी पुढे येऊन हात मिळवावा" असं आवाहन, मागे पेटीचे सूर. मत्तय ५:२३-२४ चा आधार देतात, पण तिथे अपराध करणाऱ्याने वेदीपाशी अर्पण ठेवून आधी आपल्या भावाकडे जायचं आहे. इथे दुखावलेल्यालाच सगळ्यांसमोर उठावं लागतं, आणि न उठणारा कठोर ठरतो. नवऱ्याची मारहाण सोसणारी बाई या हॉलमध्ये बसलेली असू शकते, हे आयोजकांनी गृहीत धरायला हवं. तिला सांगायचं ते असं: मनातून सूड सोड, पण त्या घरात परत जायची गरज नाही, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने संरक्षण मागता येतं, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तिथे मंडळीने समेट घडवायचाच नाही. पॉक्सो कायद्यानुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुस्तिकेत यावर एक ओळही नाही. पुढच्या आवृत्तीत पान नको वाढवायला, मागच्या कोऱ्या मलपृष्ठावर छापलं तरी पुरे.

नोंदणी रविवारच्या उपासनेनंतर कार्यालयात होते. पाचही दिवस जमणार नसतील तर पहिला आणि तिसरा गुरुवार करा, पुस्तिका वेगळी मागितली तरी देतात. तिसऱ्या दिवशी कोरे कागद कमी पडतात, तेव्हा वही घरूनच न्या, आणि लिहिलेलं पान हॉलमध्ये ठेवून येऊ नका.